मदत हवी आहे: बाबांच्या मेंदूतलं पाणी आणि शंट

बाबा ७६ वर्षांचे. वर्षभरापासून चाल बिघडली आहे. पाय जमिनीला चिकटल्यासारखे, उंबऱ्यापाशी तर अडकूनच उभे राहतात. आधी पार्किन्सन्स समजून गोळ्या दिल्या, काडीचा फरक पडला नाही. मग बाथरूमला पोचेपर्यंत कपडे ओले व्हायला लागले, विसरभोळेपणा वाढला. आम्ही म्हणत राहिलो, 'वय झालं.' (याची आता फार चुटपुट लागते.)

एमआरआयमध्ये मेंदूतल्या पोकळ्या फुगलेल्या दिसल्या. न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस, म्हणजे मेंदूत पाणी साचतं, पण दाब फारसा वाढलेला नसतो. गेल्या आठवड्यात कमरेत मणक्यातून तेच पाणी सुमारे ४० मिली काढून टॅप टेस्ट केली, म्हणजे पाणी कमी झाल्यावर चाल सुधारते का ते बघितलं. आधी दहा मीटर चालायला ३१ सेकंद लागत होते, तीन तासांनी १९! स्वतःहून गर्रकन वळून म्हणाले, 'चहा टाक गं.' दोन दिवसांत पुन्हा जैसे थे.

आता व्हीपी शंट सुचवलाय: डोक्यातून पोटापर्यंत कातडीखालून नळी. चाल सुधारण्याची शक्यता जास्त, स्मरणशक्तीचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पाणी जास्त उपसलं गेलं तर कवटीच्या आत रक्त साचू शकतं, शिवाय जंतुसंसर्ग किंवा नळी तुंबण्याचा धोका आहेच.

ज्यांच्या घरी हे ऑपरेशन झालंय त्यांना विचारायचंय: बाहेरून चुंबकाने सेटिंग बदलता येणारा व्हॉल्व्ह (नळीतून किती पाणी वाहील ते ठरवणारी झडप) घेतलात की साधा? महाग पडतो, पण पुन्हा ऑपरेशन टळलं का? बाबांची रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, तुमच्याकडे ती किती दिवस बंद ठेवली होती? आणि लघवीवर ताबा परत आला का? बाबांना त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.