गुहागरच्या घरावरचं सोलर: २५ वर्षांत किती युनिट?

नमस्कार मंडळी,
गुहागरच्या घरावर ३ किलोवॉटचं सोलर बसवायचं चाललंय. आईबाबा तिथेच असतात. सोलरवाल्याने कोटेशनमध्ये रोजचे १२ युनिट धरून ३६५ ने आणि वर २५ ने गुणलंय: १,०९,५०० युनिट. एवढे खरंच मिळतात? कोकणात कुणी बसवलंय का?

*

ताई, आमच्याकडे दापोलीला आहे, म्हणून लिहितो. किलोवॉटमागे रोज ४ युनिट ही देशभरासाठी वापरतात ती ढोबळ सरासरी. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने तिला खाली ओढतात. युरोपीय आयोगाचं पीव्हीजीआयएस हे सोलरचं उत्पादन काढून देणारं संकेतस्थळ फुकट आहे. त्यात नकाशावर घर शोधा, उतार १७ अंश आणि तोंड दक्षिणेला द्या. महिन्यागणिक युनिट दिसतील. वायर, इन्व्हर्टर, धूळ वगैरेंची १४ टक्के घट त्यात आधीच धरलेली असते.

पॅनेल म्हातारं होतं ते वेगळं. जॉर्डन आणि कुर्ट्झ या संशोधकांनी २०१२ मध्ये जगभरच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मध्यक वर्षाला अर्धा टक्का घट निघाली. दमट, खाऱ्या हवेसाठी मी ०.८ टक्के धरतो. मग २५ वर्षांत पहिल्या वर्षाच्या २५ पट नाही, पावणेतेवीस पटच मिळते. पहिल्या वर्षी ४,००० युनिट आले तर एकूण ९१ हजारांच्या आसपास.

पण खरी भीती सावलीची. त्या नकाशाला डोंगर कळतात, तुमच्या परसातला माड कळत नाही. एका पॅनेलवर झावळीची सावली पडली तरी अख्खी ओळ ढेपाळू शकते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो, सावल्या लांबतात. तेव्हा ९, १२ आणि ३ वाजता छपराचे फोटो मागवा.

आणखी एक. लाईट गेली की बॅटरी नसलेलं सोलरही बंद पडतं, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसेल. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर इथली कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. बाहेर लख्ख ऊन असलं तरी त्या दिवसांचं उत्पादन शून्य.

पॅनेलला खाऱ्या हवेचं आयईसी ६१७०१ प्रमाणपत्र मागा. इन्व्हर्टर दहा-बारा वर्षांनी बदलावा लागेल, तो खर्च आत्ताच धरा.

*

दादा, मनापासून आभार. दक्षिणेला बाबांनी लावलेले दोन माड आहेत, ते तोडायचे नाहीत. गोठ्याच्या पत्र्यावर बसवलं तर?

*

चालेल की. पत्र्याखालचे वासे आधी सुताराला दाखवा, आणि गोठ्याचेही तिन्ही वेळचे फोटो पाठवा. मी बघतो.