नवरा-बायको आणि एक लहान होडी: तुमचे अनुभव लिहा

धानबांधी (साकोलीकडची)
आमच्या भागात गावागणिक तलाव आणि शेतागणिक बोडी, म्हणजे लहान तळं. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेल्या पाळींवर खेळून आम्ही मोठे झालो, पण होडीत बसलेली माणसं शोधायला गेलं तर मासे धरणाऱ्या धिवरांची घरं सोडून फारशी सापडत नाहीत. परवा एका लग्नात ओळखीचं जोडपं भेटलं, शिडाच्या होडीनं समुद्रातून जाऊन आलेलं. पंगत उठली तरी त्यांचं सांगणं संपेना. म्हणून हा धागा. समुद्र असो, धरण असो की नदी, जोडीनं गेला असाल तर लिहा. अट एकच: होडी इतकी लहान हवी की दोघं एका कडेला बसली तर ती कलली पाहिजे. क्रूझचे फोटो दुसरीकडं टाका.

लाखांदूरकर
ते जोडपं म्हणजे आम्हीच. धान चुरून झालं होतं, उन्हाळी धान लावायचं नव्हतं, म्हणून बायकोच्या मावसभावाकडं अलिबागला गेलो. त्याच्या ओळखीच्या एका नाखवांकडं वीसेक फुटी फायबरची होडी आहे, शिडाची, अडीअडचणीला लहान इंजिन. मांडव्याहून निघायचं, किनारा धरून दक्षिणेला रेवदंड्यापर्यंत, रात्री खाडीत मुक्काम, मग परत. नाखवा म्हणाले, "मी येतो, पण बसून राहीन. चालवायची तुम्ही."

खारे वारे आणि मतलई वारे शाळेत दोन मार्कांसाठी पाठ केले होते. ते तिथं अंगावर आले. पहाटे जमिनीकडून गार मतलई वारा, पाणी सपाट. किहीम मागं पडलं आणि खांदेरी बेटापाशी वारा मेला. शीड लोंबलं. नाखवांनी बिडी काढली आणि म्हणाले, इंग्रजांचं इथं असंच झालं. १६७९ साली महाराजांनी खांदेरीवर बांधकाम काढलं, ते रोखायला इंग्रज जहाजं घेऊन आले; पण वारा पडला की मोठी जहाजं जागच्या जागी आणि मराठ्यांच्या लहान होड्या वल्ह्यांवर रसद घेऊन निसटत. आम्ही त्या दिवशी इंग्रजांच्या बाजूला होतो म्हणायचं.

दुपारी खारा वारा आला, वायव्येकडून, उजव्या खांद्यामागून. होडी कलली आणि चालायला लागली. शिडाला लोकरीचे बारीक धागे लावलेले असतात, एक या अंगाला, एक त्या अंगाला. दोन्ही सरळ मागं उडाले तर शीड नीट लागलं. एक जरी गरगरला तरी दोरी ओढा नाही तर सैल करा. दोरी माझ्याकडं. बायको सुकाणूचा दांडा धरून त्या धाग्यांकडं बघायची आणि म्हणायची, "ओढा. जास्त झालं. सोडा. काऊन सोडलं एवढं?" आमच्या वेगाबद्दल विचाराल तर चार-पाच नॉट. एक नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर, हिशेब करा.

रात्री रेवदंड्यासमोर, खाडीच्या कोर्लईकडच्या बाजूला नांगर टाकला. तिखटमिठाच्या पुऱ्या, जवसाची चटणी. (संडासासाठी बादली होती. पुढचं विचारू नका.) मध्यरात्रीनंतर बायकोनं हलवून उठवलं: "अहो, डाव्या हाताचा दिवा उजव्या हाताला गेला. आपण वाहून रायलो." नाखवांनी डोळे न उघडताच सांगितलं, भरती लागली, होडी नांगराभोवती फिरली, झोपा. त्यांनी सकाळीच हिशेब केला होता. अष्टमी होती, तिथीची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. अमावस्या-पुनवेला हीच भरती बाराच्या आसपास येते. पंचांग आमच्याही घरी खुंटीला आहे, पण त्यातून पाणी मोजता येतं हे नवीन.

वैनगंगामाय (पवनी तालुका)
पोरगी टाइप करून रायली, मी सांगतो. आमी धिवर. नवरा जाल टाकते, मी डोंगा धरतो. तुमी हौसेनं जाता, आमी रोजच जातो. पहिले नदी होती तं दोनी काठ दिसत. गोसीखुर्द धरनाचं पाणी पसरलं तवापासून दुपारी वारा सुटला का लाटा येतेत. पाण्याखाली बुडालेल्या झाडायचे खुंट हायेत, जाल तिथंच अटकते. वरून नागनदीची नागपुरातली घाण कन्हानीतून वैनगंगेत येते, पाणी काळं होते.

शिडाचं म्हनाल तं यायनं एक डाव खताच्या चुंगड्या शिवल्या, बांबूले बांधल्या, आन् म्हने आता वल्हं मारा लागत नाही. वारा मागून होता, डोंगा पयाला बापा! मंग वारा बाजूनं झाला. जायाचं गावाकडं, पोचलो भलत्याच काठावर. तिथून घरापरेंत वल्हं म्याच मारलं. तुमच्या होडीचं असं काऊन होत नाही?

लाखांदूरकर
ताई, आमच्या होडीच्या पोटाखाली एक खोल फळी पाण्यात उभी असते. वारा होडीला आडवं ढकलतो, फळी अडते, मग होडीला पुढंच सरकावं लागतं. डोंग्याच्या तळाला असं अडवणारं काहीच नाही, म्हणून तो आडवा घसरतो. वारा ज्या बाजूकडं जातो त्या कडेला रुंद फळी पाण्यात उभी दाबून धरली तर फरक पडतो, पण डोंगा उलटायची भीती आहे. काठाजवळच करून पाहा.

वैनगंगामाय
फळी धरू का डोंगा धरू? यायलेच सांगतो फळी धरा म्हनून.

प्राणहिता_मास्तर
सिरोंच्याकडं पूल व्हायच्या आधी नवीन लग्न होऊन मी नोकरीवर रुजू व्हायला निघालो तेव्हा दोन डोंगे शेजारी बांधून वर फळ्या टाकलेल्या. त्यावर माझी मोटारसायकल, एक शेळी, आम्ही दोघं. बायको नागपूरची, पात्राच्या मध्यावर तिनं विचारलं, "बदली कधी मिळते?" आम्ही इथंच निवृत्त झालो.

खामगाववाला
आमच्या बुलढाण्यात सगळ्यात प्रसिद्ध पाणी लोणारचं, आणि तिथं होडीच नाही. त्यामुळं मालवणला पहिल्यांदा बसलो आणि किनारा दिसत असतानाच मला मळमळायला लागलं. बायको ठणठणीत, माझ्यासमोर भजी खात होती. कामाचं सांगतो: गोळी बसायच्या आधी घ्या, मळमळल्यावर नाही. होडीच्या मध्यावर बसा. मोबाइल ठेवून द्या, लांब क्षितिजाकडं बघा. भजी खाणाऱ्याकडं पाठ करा.

गावतळं
एक तक्रार. आमच्या जवळच्या एका तलावावर बोटिंग आहे. लाइफ जॅकेटं आहेत, पण टपरीत खिळ्याला टांगलेली. मागितली तर पोरगा म्हणतो, "वैनी, पाणी कमरेएवढंच आहे." बायकोनं त्याला विचारलं, "मग तू खाली उतरून ढकलत ने." जॅकेटं मिळाली. बक्कल मात्र अर्ध्यांचे तुटलेले, आम्ही ओढणीनं बांधले. मागा, लाजू नका, आणि बक्कल लावून बघितल्याशिवाय बसू नका.

धानबांधी
लाखांदूरकर, परतीचं काहीच लिहिलं नाही तुम्ही.

लाखांदूरकर
मी यांची बायको, यांच्याच आयडीवरून. ते लिहिणार नाहीत, मी लिहितो. परतताना तोच वायव्येचा वारा तोंडावर. शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडात सरळ जात नाही. साधारण पंचेचाळीस अंशांत तिरकं जायचं, वळायचं, मग दुसरीकडून तिरकं. अलिबागचा कुलाबा किल्ला मोठा दिसे, मग लहान, परत मोठा; पुढं मात्र सरकेना. त्यात डोल जाळी बांधायला समुद्रात रोवलेले खुंट चुकवायचे. प्रत्येक वळणाला शिडाखालचं आडवं दांडकं डोक्यावरून जातं, "वळते!" ओरडलं की खाली वाकायचं. हे एकदा आधी विचारत बसले, "कोणीकडं?" टोपी गेली. डोकं वाचलं. पुढं थळच्या अलीकडं ऊन उतरलं तेव्हा नाखवांनी इंजिन लावलं आणि यांना म्हणाले, "भाऊ, तुम्ही बसा आता. वहिनी, दांडा तुमच्याकडंच ठेवा."

पैसे त्यांनी घेतले नाहीत. पुढच्या वेळी चिन्नोर तांदूळ आणा म्हणाले. पावसाळ्यात जमत नाही, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद आणि होड्या वर ओढलेल्या. आपलं धान निघालं की त्यांचा समुद्र चांगला असतो, सवड बरोबर जुळते. यांच्यासाठी नवी टोपी घेतली आहे, नाडीवाली.