स्पिती (हिमाचल), मेअखेर : शिमल्याहून आत, मनालीहून बाहेर. जमेल का? (मदत हवी आहे)

पायवाट :
नमस्कार मंडळी. २३ मे ते २ जून असे ११ दिवस हातात आहेत. आम्ही दोघं चाळिशीतले, मुलगी ९ वर्षांची आणि बाबा ६७ चे. बाबांना रक्तदाबाची रोज एक गोळी आहे, बाकी चालणं-फिरणं उत्तम. पुण्याहून चंदीगडला विमान, पुढे ड्रायव्हरसकट भाड्याची गाडी. कच्चा आराखडा असा :

दिवस १ चंदीगड–शिमला, २ शिमला–कल्पा, ३ कल्पा–काझा (स्पितीचं मुख्य गाव), ४ काझ्याभोवतीची गावं : की, किब्बर, लांगझा, हिक्किम, कोमिक, ५ काझा–चंद्रताल (तळ्याजवळ तंबूत मुक्काम), ६ चंद्रताल–मनाली. उरलेले दिवस मनालीत.

प्रश्न : (१) काझा–मनाली वाटेवरची कुंजुम खिंड तोवर उघडेल का? (२) बाबांना आणि मुलीला उंचीचा त्रास होईल का, गोळ्या द्याव्यात का? (३) गाडी ठरवताना काय विचारावं? (४) परमिट लागतं का?

कुंजुमपार :
पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण बाकी सगळं त्यावर टांगलेलं आहे. मेअखेरीस कुंजुम (साधारण ४,५५० मी.) उघडी असेल असं धरून तिकिटं काढू नका. बर्फ किती पडलं त्यावर ती कधी मेच्या शेवटच्या आठवड्यात, कधी जूनच्या मध्यावर उघडते. आणि सीमा सडकवाल्यांनी (सीमाभागातले रस्ते सांभाळणारी सरकारी संघटना) बर्फ कापला म्हणजे रस्ता आपल्यासाठी खुला झाला असं नसतं. सुरुवातीचे काही दिवस फोर बाय फोर गाड्याच सोडतात, तेही ठरावीक वेळेत. बातालच्या बाजूने चंद्रतालकडे फुटणारा १४ किमीचा फाटा त्याहूनही उशिरा मोकळा होतो. म्हणजे तुमचा पाचवा आणि सहावा दिवस दोन्ही हवेत आहेत.

आपल्याकडच्या मे महिन्याच्या सुट्टीचं आणि कुंजुमचं गणित जुळत नाही, हे दरवर्षीचं रडगाणं आहे. कल्प्यावरून जाणारा शिमला-किन्नौरकडचा रस्ता मात्र दरड किंवा मोठी बर्फवृष्टी नसेल तर बाराही महिने चालू असतो. तेव्हा शिमल्याहूनच जा आणि शिमल्याहूनच परत या. पूर्ण गोल करायचा तर जूनअखेर ते सप्टेंबर. त्यातही जुलै-ऑगस्टमध्ये स्पिती कोरडी असली तरी किन्नौरात पावसाने दरडी येतात, म्हणून गणपतीच्या आगेमागे, सप्टेंबरात, सगळ्यात बरं.

निघायच्या आधी लाहौल-स्पिती पोलिसांच्या समाजमाध्यमांवरच्या पानावर रस्त्याची स्थिती बघत जा. ‘परवाच जाऊन आलो’ म्हणणाऱ्या व्हिडिओंची तारीख तपासा, गेल्या वर्षीचे परत फिरत असतात.

औषधवाला :
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. दिवसा किती उंच चढलात यापेक्षा रात्री कुठे झोपलात ते महत्त्वाचं. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची दर रात्री ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा ढोबळ नियम आहे. तुमच्या आराखड्यात कल्पा (२,९६०) ते काझा (३,६५०) एका दिवसात, तेही नऊ-दहा तास गाडीत आंबून. दुसऱ्या दिवशी लगेच कोमिक (४,५८७), आणि तिसऱ्या रात्री झोपायला ४,२५० च्या आसपास, जिथून जवळचा डॉक्टर खिंडीपलीकडे. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर आहे, एवढ्यावरून अंदाज घ्या.

मनालीहून आत शिरणं याहून वाईट. दोन हजारावर झोपलेला माणूस दुसऱ्या रात्री थेट साडेतीन हजारावर. काझ्यात पहिल्या रात्री डोकं धरून बसलेले बहुतेक त्या वाटेने आलेले असतात.

गोळी म्हणजे ॲसिटाझोलामाइड (डायमॉक्स). प्रौढांना प्रतिबंधासाठी साधारण १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, उंचीवर जाण्याच्या आदल्या दिवसापासून. पण बाबांची गोळी लघवी वाढवणाऱ्या गटातली असेल तर दोन्ही एकत्र चालतील का, हे त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा. सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही सांगा. मुलीचा डोस वजनावर ठरतो, अर्धी गोळी मोडून देऊ नका. बोटांना मुंग्या येणं, सारखी लघवी लागणं, सोडा बेचव लागणं हे गोळीचे परिणाम आहेत, घाबरू नका. उंचीवर पहिले काही दिवस रक्तदाब थोडा वाढतो, म्हणून मोजायचं यंत्र बरोबर ठेवा आणि रोजची गोळी चुकवू नका.

डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं इथपर्यंत थांबून विश्रांती. पण चालताना तोल जाणं, बडबड असंबद्ध होणं, बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यातून फेस येणं यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं. तोल तपासायची सोपी रीत : टाचेला पंजा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. बाजारात मिळणारा ऑक्सिजनचा छोटा डबा काही मिनिटांत संपतो, त्याच्या जिवावर वर थांबू नका. काझ्यात सरकारी रुग्णालय आहे, तिथे ऑक्सिजन मिळतो. ऑक्सिमीटरवर ८५ ते ९२ आकडा काझ्याच्या उंचीला बऱ्याच जणांचा असतो. गार बोटावर तो आणखी खोटा कमी दाखवतो, बोट चोळून गरम करून मग लावा. झोपेच्या गोळ्या आणि दारू पहिले दोन-तीन दिवस पूर्ण बंद.

पायवाट :
बापरे. म्हणजे चंद्रताल काटच. मग ११ दिवस कसे बसवायचे? आणि एक भर : अमेरिकेतली बहीण येईल म्हणते. तिच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) आहे.

कुंजुमपार :
असं बसवा :

२३ चंदीगड–नारकंडा. विमान सकाळचं घ्या. शिमल्यात थांबू नका, पुढे साठेक किमीवर २,७०० मीटरला झोप मिळते आणि शिमल्याची कोंडी पहिल्याच दिवशी मागे पडते.
२४ नारकंडा–रामपूर–कल्पा.
२५ कल्प्यातच. सकाळी किन्नर कैलास समोर, दुपारी रोघी गावापर्यंत चालत किंवा गाडीने. हा दिवस ‘वाया’ वाटतो आणि तोच पुढचे सहा दिवस वाचवतो.
२६ कल्पा–खाब–नाको–गियू–ताबो.
२७ सकाळी ताबो, मग धनकर, संध्याकाळी काझा.
२८ की, किब्बर, चिचम.
२९ लांगझा, हिक्किम, कोमिक.
३० पिन खोऱ्यात मुध गावापर्यंत, किंवा राखीव.
३१ काझा–कल्पा, साधारण सव्वादोनशे किमी, अंधार पडायच्या आत पोचायचं तर सहाला निघा.
१ जून कल्पा–नारकंडा. २ जून चंदीगड. परतीचं विमान संध्याकाळी सातच्या आधीचं नको. जूनच्या सुरुवातीला शिमल्याच्या ढल्ली भागात दोन तास सहज जातात.

३० चा दिवस आधी आरक्षित करून टाकू नका. निगुलसरीसारख्या ठिकाणी दरड आली की पर्यायी रस्ता नाही, नुसतं थांबायचं. तो दिवस त्यासाठीच आहे.

ताबोप्रेमी :
नाकोला मुक्काम का नाही? तळं आहे, गोंपा (बौद्ध मठ) आहे, गाव देखणं आहे.

कुंजुमपार :
गाव देखणं आहेच, जेवायला थांबा. पण नाको ३,६६० मीटरवर आणि ताबो ३,२८० वर. कल्प्याहून आलेल्यांनी वरून जाऊन खाली झोपावं. तुमच्यात एक सदुसष्टचे असताना माझं मत ताबोच.

ताबोप्रेमी :
मान्य. मग ताबोला घाईने उरकू नका एवढंच. गोंपाची स्थापना इसवी सन ९९६ ची, मातीच्या कोटाआड नऊ देवळं. बाहेरून शेणामातीच्या बैठ्या घरांसारखी दिसतात, म्हणून लोक दहा मिनिटांत बाहेर येतात. मुख्य सभामंडपाच्या भिंतींवर रंगवलेल्या मातीच्या मूर्ती जणू अधांतरी बसवल्या आहेत आणि त्यांच्या खाली-वर हजार वर्षांपूर्वीची चित्रं. आत मुद्दाम अंधार ठेवलेला असतो. बारीक टॉर्च न्या, डोळे सरावायला पाच मिनिटं द्या. फोटो काढायला बंदी आहे, लामांशी हुज्जत घालू नका. सकाळी लवकर गेलात तर प्रार्थना ऐकायला मिळते.

गियूचा फाटा सुमदोच्या (किन्नौर-स्पिती हद्दीवरचा नाका) पुढे लागतो, आत आठेक किमी. तिथे बसलेल्या स्थितीत आपोआप टिकलेला एका भिक्षूचा देह आहे, सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचा मानतात. मुलगी घाबरण्यातली असेल तर आधी सांगून ठेवा. धनकरला जुना गोंपा ढासळत्या कड्यावर आहे, आत एका वेळी मोजक्याच माणसांना सोडतात. वरच्या तळ्यापर्यंत तासाभराची उभी चढण आहे, बाबांनी गोंपापाशीच थांबावं.

लांगझ्याला मुलं जीवाश्म विकायला आणतात. घेऊ नका, उचलूही नका. आपल्याकडे देवघरात शाळिग्राम असतो ना, तो गंडकीतला, आणि हे हिमालयाच्या जागी पूर्वी असलेल्या त्याच टेथिस समुद्रातले त्याचे भाऊबंद. मुलीला तिथेच हातात धरून दाखवा आणि ठेवून द्या. हिक्किमच्या टपाल कचेरीतून पत्र टाकायचं असेल तर पत्ते घरूनच लिहून न्या. रविवारी कचेरी बंद असते.

‘जगातलं सर्वांत उंच’, ‘आशियातला सर्वांत उंच’ अशा पाट्या प्रत्येक वळणावर आहेत, त्या मनावर घेऊ नका. चिचमच्या पुलावर मात्र पाच मिनिटं थांबा. २०१७ मध्ये पूल होईपर्यंत ही घळ तारेवरच्या पाळण्यातून हाताने ओढत ओलांडायची होती.

गिअरबॉक्स :
गाडीबद्दल. चंदीगडच्या टॅक्सीपेक्षा हिमाचल पासिंगची गाडी घ्या, स्थानिक टॅक्सी युनियनशी कटकट कमी होते. खाजगी पाटीची गाडी स्वस्तात देणाऱ्याला नाही म्हणा, अडवली तर मधेच उतरावं लागतं. तुम्ही आता पाच जण झालात, तर पाठीमागची सीट सामानासाठी धरून सात सीटर बघा. टपावर बॅगा टाकल्या की धुळीने कपडे आतपर्यंत राखाडी होतात.

लेखी घ्यायच्या गोष्टी : दर दिवसाचा की किलोमीटरचा, ड्रायव्हरची राहण्या-जेवणाची सोय कोणाकडे, मुध-कोमिक-गियू धरले आहेत का (हमखास तोंडी ‘हो’ म्हणतात आणि काझ्यात वेगळे पैसे मागतात), दरडीमुळे दिवस वाढला तर काय. ड्रायव्हर आधी काझ्याला गेलेला हवा. नुसता शिमला-मनाली करणारा कोमिकच्या वळणांवर तुमच्याइतकाच नवा असतो.

इंधन : रेकाँग पिओच्या (कल्प्याखालचं मोठं गाव) खाली पोवारीला टाकी काठोकाठ. त्यानंतर भरवशाचा पंप काझ्यातच. स्टेपनीत हवा आहे का ते चंदीगडलाच उघडून बघा.

नाले : बर्फ वितळून येणारं पाणी सकाळी कमी असतं, ऊन चढलं की वाढत जातं आणि तिसऱ्या प्रहरी भरपूर होतं. पिन खोऱ्याकडे जाल तेव्हा सकाळी निघा आणि दुपारी फार रेंगाळू नका.

कुंजुमपार :
परमिट राहिलं. भारतीय नागरिकांना स्पितीला परमिट लागत नाही. सुमदोला नोंद करतात, मूळ आधार कार्ड हाताशी ठेवा. बहिणीचं वेगळं. ओसीआय कार्ड असलं तरी पासपोर्ट परदेशी आहे, त्यामुळे पिओ ते सुमदो या पट्ट्यासाठी इनर लाइन परमिट (सीमेलगतच्या भागात जायची परवानगी) हवं. ते रेकाँग पिओत निघतं, कल्प्याच्या खाली अर्ध्या तासावर. २५ चा दिवस त्यालाही कामी येईल, फक्त त्या दिवशी रविवार किंवा दुसरा शनिवार येत नाही ना ते बघून तारखा एक दिवस मागेपुढे करा. पासपोर्ट, ओसीआय कार्ड दोन्हींच्या दोन-दोन छायाप्रती आणि फोटो पुण्याहूनच घ्या.

मीठभाकर :
खाण्याचं आणि सामानाचं कोणी बोललंच नाही. काझ्यात पाणी साधारण ८८ अंशांना उकळतं, म्हणून कुकरशिवाय डाळ-भात कच्चट राहतो. घरगुती मुक्कामात कुकर असतोच, पण इलेक्ट्रिक किटलीत झटपट नूडल्स शिजवू म्हणाल तर चिकट लगदा होतो. बाबांसाठी दडपे पोहे, भाजलेलं पीठ, मेतकूट असं न शिजवता चालणारं ठेवा. तिथला थुक्पा (नूडल्सचं सूप) आणि जवाचं पीठ पोटाला हलकं पडतं. छरमाचा (सी बकथॉर्न) रस आंबट-तुरट असतो, मुलीला आवडेलच असं नाही.

खोबरेल तेल दगड होतं, पेट्रोलियम जेली न्या. कोरड्या हवेने नाकातून रक्त येतं, झोपताना नाकाला आतून बोटभर लावायची. घट्ट झाकणाच्या शाम्पू-तेलाच्या बाटल्या वर चढताना फुगून गळतात, वेगळ्या पिशवीत घाला. मेअखेरीस काझ्यात रात्री पारा शून्याच्या आसपास उतरू शकतो, लांगझा-कोमिकला बर्फ उरलेलं असेल. एका जाड जॅकेटपेक्षा तीन पातळ थर बरे, कारण दुपारच्या उन्हात शर्टावर यावं लागतं. गॉगल मुलीलाही, बर्फावर डोळे पोळतात. खेड्यातल्या घरांत कोरडे संडास असतात (वर बसायचं, खाली माती टाकायची). बाबांना उकिडवं बसता येत नसेल तर मुक्काम ताबो-काझ्यातच ठेवा, वरच्या गावांना दिवसा जाऊन या.

रोख पैसे शिमल्याच्या अलीकडे काढा. काझ्यात एटीएम आहे, पण त्यात नोटा असतीलच असं नाही, आणि नेटवर्क गेलं की यूपीआयही गेलं.

पायवाट :
सगळ्यांचे आभार. चंद्रताल आणि मनाली दोन्ही कापलं, २३ ला सकाळचं विमान धरतोय. एकच शेवटचं : मुलीला कालका-शिमला छोटी गाडी दाखवायची होती. जाताना बसवू का?

गिअरबॉक्स :
जाताना नको. ९६ किमीला पाच तासांच्या वर जातात, मग नारकंडा त्या दिवशी गाठता येत नाही आणि सगळं एक दिवस सरकतं. परतताना नारकंड्याहून पहाटे निघून शिमला ते कालका बसवता येईल, पण तेव्हा २ जूनचं विमान सोडून ३ जूनचं घ्या आणि ड्रायव्हरला सामानासकट कालक्याला पुढे पाठवा. सुट्टीतली तिकिटं लवकर संपतात, ती आधी बघा आणि मग विमान काढा.

औषधवाला :
३ जून चालत असेल तर तो जादा दिवस छोट्या गाडीत घालवण्याआधी काझ्यात घालवायचा का, याचा विचार करा. बाबांची पहिली रात्र कशी गेली ते बघून २८ तारखेला ठरवलंत तरी चालेल. की गाव आणि किब्बर कुठे पळून जात नाहीत.