काळ्या रानातला ओलाव्याचा सेन्सर
मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर बसवला की पाणी आपोआप वाचतं, असं म्हणतात. मुरमाड रानात ते पटेल. आमच्या निफाडकडच्या काळ्या जमिनीत नाही. ही माती वाळली की आकसते, भेगा पडतात, आणि सेन्सर मातीपासून सुटून हवेत लटकतो. मोबाइलवर 'कोरडं' दिसत राहिलं आणि मी ठिबक चालूच ठेवलं! शेवटी खोरं घेऊन उकरलं, तर खाली नुसता चिखल.

मग त्याच मातीचा पातळ काला करून सेन्सरभोवती ओतला, ड्रिपरपासून वीतभर अंतरावर, मुळांच्या खोलीला. आकडे जाग्यावर आले. तरी उन्हाळ्यात मूठभर माती दाबून बघतोच. पानांच्या ओलाव्याचा सेन्सर मात्र द्राक्षाच्या छाटणीनंतर डाऊनीच्या, म्हणजे केवडा या बुरशीच्या रोगाच्या, फवारणीसाठी खरंच कामाचा.