अनुभव धागा: 'नाही' म्हणताना तुमच्या बाजूला कोण होतं?

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५०च्या दशकात रेघांच्या लांबीचे प्रयोग केले: कोणती रेघ दिलेल्या रेघेएवढी, ते गटात एकेकाने सांगायचं. गटातले बाकीचे ठरवून चुकीचं उत्तर देत होते, तेव्हा धडधडीत दिसत असूनही बऱ्याच जणांनी री ओढली. मात्र एक जण जरी खरं बोलला, की हे प्रमाण झपाट्याने उतरलं. शाळा-कॉलेजात असा एक जण तुम्हाला मिळाला का? किंवा तुम्ही कुणासाठी झालात का? लिहा. नावं आणि शाळा नकोत.

माजी विद्यार्थिनी: आठवीत माझं अडखळत बोलणं म्हणजे वर्गाची करमणूक. हजेरीला 'हजर' म्हणायला तोंड उघडलं की मागून 'ह-ह-ह' सुरू. "दुर्लक्ष कर," असं सर म्हणायचे. (हा सल्ला देणाऱ्यांनी एकदा भरल्या वर्गात स्वतः दुर्लक्ष करून बघावं.) आम्हाला मार्गदर्शक म्हणून दहावीतली एक ताई होती. तिने मला काही उपदेश केला नाही. वर्गातल्या दोघींना गाठून म्हणाली, "हिच्या शेजारी बसा. कुणी चिडवलं तर भांडू नका, फक्त हसू नका." हळूहळू त्या नकलांना गिऱ्हाईकच मिळेना.

शिक्षक: शाळेतली छळवणूक रोखण्यासाठीच्या फिनलंडच्या 'किवा' कार्यक्रमात हेच करतात. त्रास होणाऱ्या मुलाला साथ द्या, असं वर्गातल्या दोन-चार समंजस मुलांना शिक्षक सांगतात. मी वर्गात वजन असलेली मुलं बघून निवडतो. सरांचा लाडका साथीला दिला, तर दोघांचीही टर उडते.

हॉस्टेलवाला: सिगारेटसाठी आग्रह व्हायचा. सीनियर दादाने सांगितलं, कारण देत बसू नकोस. "घरी कळेल" म्हटलं की "कसं कळेल?" आलंच. 'नको, तुम्ही घ्या' एवढंच बोलायचं आणि विषय बदलायचा. खोलीत त्याने माझ्याकडून याची चक्क तालीम करून घेतली. तो आग्रह करणार, मी नको म्हणणार. 'फट्टू' हे बिरुद मिळालंच, पण आग्रह थांबला.

मेंटॉर: "कुणाला सांगणार नाही" असं वचन मुलांना देऊ नका. मारहाण, फोटोंवरून धमक्या, जीव नकोसा झाल्याची भाषा, हे जबाबदार मोठ्यांपर्यंत न्यावंच लागतं. मी पहिल्याच भेटीत तसं सांगते. ते ऐकून एक मुलगा बरेच दिवस गप्प होता. मग स्वतःच मोबाइल पुढे करून म्हणाला, "मॅडम, तुम्ही वर सांगाल हे माहितीये, म्हणूनच दाखवतोय. स्क्रीनशॉट काढून ठेवलेत, ग्रुपवरून डिलीट केलं तरी चालेल."