प्रतिसाद: कट मारला म्हणून हाणामारी

वर कुणीतरी लिहिलंय की नाशिकच्या द्वारका सर्कलला गाडीने कट मारल्यावरून पोरं भिडतात, ते पुरुषांच्या 'रक्तातच' असतं. अर्धंच पटलं.

मार्गो विल्सन आणि मार्टिन डेली या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटमधल्या १९७२ सालच्या खुनांचा धांडोळा घेतला होता. मारणारे आणि मरणारे, दोन्हीकडे बहुतेक तरुण पुरुष. त्यांत बेरोजगार आणि अविवाहितांचं प्रमाण जास्त, आणि कारण अनेकदा फुटकळ बाचाबाची. त्यांचं म्हणणं असं की भांडण त्या कारणाचं नसतंच, इज्जतीचं असतं. जोडीदाराच्या स्पर्धेत मागे पडलेल्याला जोखीम घेणं परवडतं, कारण गमावण्यासारखं फारसं नसतं. आपल्याकडेही बघे जमले की माघार अवघड होते.

पण इंग्लंडमध्ये चौदाव्या शतकापासून विसाव्यापर्यंत खुनांचं प्रमाण दहापटीहून अधिक घटलं. एवढ्या थोड्या काळात माणसाचा स्वभाव उत्क्रांतीने पालटला म्हणणं अवघड आहे. कोर्टकचेऱ्या आणि राज्यसत्तेची पकड मात्र नक्कीच बदलली. आणि हिंसा रक्तातच आहे म्हणून चिंपांझींचे दाखले देणाऱ्यांना त्यांच्यासारखेच दिसणारे, पण बरेच शांत असलेले बोनोबो वानर का आठवत नाहीत? नात्याने दोघेही आपल्याला सारखेच जवळचे.