क्लोन केलेली एनव्हीएमई एसएसडी बायोसमध्ये दिसते, पण बूट लिस्टमध्ये येत नाही

नारायणपेठकर: नमस्कार मंडळी. ऑफिसचा डेस्कटॉप, विंडोज १०. ५०० जीबी हार्ड डिस्क ५१२ जीबी एनव्हीएमईवर (वेगवान प्रकारची एसएसडी) क्लोन केली, म्हणजे हुबेहूब कॉपी केली. बायोसच्या स्टोरेज पानावर एसएसडीचं नाव आहे, बूट लिस्टमध्ये नाही. जुनी डिस्क काढली की बूटच होत नाही. सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करू देणारं बायोसमधलं सेटिंग) चालू आहे. बायोस अपडेट करू का? विंडोज पुन्हा टाकायचं नाही.

सेक्टर_शून्य: बायोस अपडेटला हात लावू नका. नाव दिसतंय म्हणजे बोर्डाला एनव्हीएमई कळतं. जुनी डिस्क एमबीआर (डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, मांडायची जुनी पद्धत) असणार. तिथे बायोस पहिला ५१२ बाइटचा सेक्टर मेमरीत ०x७सी०० ला आणतो, शेवटी ५५ एए आहे का बघतो आणि त्यातला कोड चालवतो. कोडला जेमतेम ४४६ बाइट, पार्टिशन टेबलला ६४. क्लोनमध्ये हे सगळं जसंच्या तसं आलं. पण या मार्गाने एनव्हीएमईवरून बूट व्हायला ड्राइव्हमध्ये ऑप्शन रॉम (बायोसला तो ड्राइव्ह वाचता यावा म्हणून असलेला छोटा प्रोग्रॅम) लागतो आणि बहुतेक एसएसडींत तो नसतो.

यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत) त्या कोडकडे बघतही नाही. त्याला फॅट३२ मधलं ईएसपी पार्टिशन (बूटच्या फाइल ठेवायचा छोटा भाग) आणि त्यातली .ईएफआय फाइल हवी. ती तुमच्या एसएसडीवर नाहीच, मग लिस्टमध्ये येणार काय?

कोथरूड_डेपो: बरोबर. डेटा न उडवता एमबीआरचं जीपीटी (यूईएफआयसोबतची नवी मांडणी) होतं, आणि त्यात ईएसपीही बनतं. आधी बॅकअप घ्या. जुन्या डिस्कची साटा केबल काढून ठेवा, नाहीतर चुकीची डिस्क बदलाल. विंडोज १० चा इन्स्टॉल पेनड्राइव्ह यूईएफआयमधून लावा, शिफ्ट + एफ१० ने कमांड विंडो उघडा, मग डिस्कपार्टमध्ये 'लिस्ट डिस्क' करून नंबर पक्का करा. तो ० असेल तर बाहेर येऊन:

एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /डिस्क:०
एमबीआर२जीपीटी /कन्व्हर्ट /डिस्क:०

(टाइप अर्थातच इंग्रजीत.) व्हॅलिडेट फेल झालं तर पार्टिशन मोजा: प्रायमरी तीनपेक्षा जास्त किंवा एक्स्टेंडेड चालत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर आधीच सस्पेंड करा. कन्व्हर्ट झाल्यावर सीएसएम बंद करा. लिस्टमध्ये 'विंडोज बूट मॅनेजर' यायला हवं. ग्राफिक्स कार्ड फार जुनं असेल तर सीएसएम बंद केल्यावर स्क्रीन काळी राहू शकते, कारण त्यात यूईएफआयचा ड्रायव्हर नसतो.

नारायणपेठकर: झालं, विंडोज एसएसडीवरून आलं. धन्यवाद! पण रात्री मेन स्विच बंद केला की सकाळी पुन्हा 'बूटेबल डिव्हाइस नाही'. सीएसएम आपोआप चालू झालेलं असतं.

सेक्टर_शून्य: बायोसमधली तारीखही मागे गेली असेल तर सीएमओएसचा सेल (बोर्डावरचा, सेटिंग आणि घड्याळ जपणारा) संपलाय. बूट एंट्री सहसा फ्लॅश चिपमध्ये टिकते, पण तुमच्यासारख्या बऱ्याच बोर्डांवर सेटिंग सेलच्या जोरावर राहतात. सेल गेला की डीफॉल्ट येतात आणि तुमच्या बोर्डाचं डीफॉल्ट सीएसएम चालू असं दिसतंय. सीआर२०३२ (गोल बटण सेल) घ्या, टिळक रोडवर कुठेही मिळेल, घड्याळवाल्याकडेही. पॉवर केबल काढून बदला, अधिक चिन्ह वर. मग तारीख, सीएसएम आणि साटा मोड तिन्ही पुन्हा लावा. साटा मोड एएचसीआयवरून रेडवर (डिस्क हाताळायच्या दोन वेगळ्या पद्धती) गेला असेल तर बूट मॅनेजर सुरू होईल, पण पुढे विंडोज निळ्या स्क्रीनवर 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून थांबू शकेल, आणि तुम्ही उगाच क्लोनवर संशय घ्याल.

कोथरूड_डेपो: जुनी डिस्क परत जोडण्याआधी दोन-चार दिवस एसएसडीवर काम करून बघा. मग ती जोडून फॉरमॅट करा.